सगळ्या पिना एका पातळीत

आणि वर मलाच विचारतात, "तू आधी का नाही सांगितलंस?" आता मी कमी बोलते हे खरं, लग्नाला चारच महिने झालेत, नव्या सुनेनं किती बोलावं याचं माप घरातल्या प्रत्येकाकडे वेगळं, पण ही गोष्ट मी सांगितली होती हो, कागदावर काढून दिली होती, खाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या होत्या, आणि त्या रेघांवर थोरल्या दिरांनी, म्हणजे दादांनी, चहाचा कप ठेवला नि म्हणाले, "काही होत नाही."

तुम्हाला सांगते, आमच्या तळमजल्यावर कारखाना आहे, यंत्रांचे कंट्रोल रॅक बनवतात. रॅक म्हणजे लोखंडी कपाट, त्यात पुस्तकांसारखी उभी सर्किटची कार्डं. एका शीतगृहाची ऑर्डर यायची होती, त्यांची अट एकच, बिघडलेलं कार्ड काढून दुसरं घालताना वीज बंद करायची नाही, कारण कॉम्प्रेसर थांबला की आतला माल गेलाच. लग्नाआधी मी हेच काम करत होते, म्हणून बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ते माझ्याकडे दिलं. म्हणाले, "चाचणी पास झाली तर वरची खोली तुझी. टेबल टाक, दार लाव, काम कर." तुम्ही म्हणाल दाराचं एवढं काय... अहो, चार महिने मी पॅकिंगच्या टेबलाच्या कोपऱ्यावर सोल्डरिंग करतेय, एका बाजूला थर्माकोल, दुसऱ्या बाजूला जाऊबाई, "अगं, किती बारीक गं हे, डोळे जातील हं, बरं त्या डब्यांना लेबलं लावतेस का जरा?"

तर चालू रॅकमध्ये कार्ड खोचणं म्हणजे चालू घरात सून आणणं. घर काही तुमच्यासाठी थांबत नाही. नवं कार्ड उपाशी असतं, त्यातले वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे, एकदम वीज मिळाली की गटागटा ओढतात आणि शेजारच्या कार्डांना भोवळ येते. म्हणून वीज हळूहळू सोडायची, आणि जोडण्याही क्रमानं करायच्या. आधी ग्राउंड, म्हणजे कार्डाचे पाय जमिनीला टेकवायचे, मग वीज, आणि सिग्नल, म्हणजे काय करायचं ते हुकूम, सगळ्यात शेवटी. माझ्या वेळी काय झालं? सिग्नल आधी, तेही दारातच... "डावी शेगडी लावू नकोस, पंखा तीनवर, बाबांची गोळी आठला." पाय टेकायचे अजून बाकीच आहेत.

आणि हा क्रम साधायला काय लागतं? पिना. कार्ड रॅकला जोडतो त्या कनेक्टरच्या पिना मुद्दाम लांब-आखूड असतात. ग्राउंडची सगळ्यात लांब, ती आधी टेकते, सिग्नलच्या सगळ्यात आखूड. बास. चाचणीच्या आदल्या दिवशी मी चालू रॅकमध्ये कार्ड वीस वेळा घातलं, वीस वेळा काढलं, आणि काही झालं नाही. खरोखरीचं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी शीतगृहाचे मॅनेजर आले, हाताची घडी घालून उभे राहिले. मी कार्ड उचलणार तोच दादा पुढे. "दे इकडे, तुझ्या हाताला जोर नाही." म्हटलं, दादा, सरळ घाला, हळू... "अगं, काही होत नाही." आणि अडकलेला खण बंद करावा तसं तिरकं घालून तळहातानं ठोकलं. चट्. निळी ठिणगी, धुराची रेघ, शेजारची तीन कार्डं विझली, कॉम्प्रेसरच्या जागी लावलेला पंखा गरगरत थांबला. मॅनेजर शांतपणे म्हणाले, "काही होत नाही म्हणजे नक्की काय काय होत नाही?"

मी कार्ड उपसलं. पिना सगळ्या एका उंचीच्या, प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या.

"दादा, या पिना..."

"हां, तुला सांगायचं राहिलंच. काय गबाळा माल पाठवला होता कंपनीनं, एक लांब, एक आखूड. काल तू वर गेल्यावर दोन तास बसून कानशीनं घासल्या. बघ, केसाचा फरक नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा थांबलेल्या पंख्याकडे पाहत होता. म्हणाला, "मनापासून केलंय गं त्यानं."

मॅनेजरांनी पुन्हा चाचणीसाठी आठ दिवस दिलेत. बाबांनी तेवढं विचारलं, आधी का नाही सांगितलंस. मी चहाचा गोल डाग पडलेला तो कागद पुढे केला, तर म्हणाले, "मग तोंडानं बोलावं ना." म्हणून या वेळी तोंडानं बोलले, सगळ्यांसमोर, लांब पिन, आखूड पिन, बोटं धरून दाखवलं. दादांनी मान डोलावली. "कळलं, कळलं. नवे कनेक्टर येतायत, काही होत नाही."

आज खोकं आलं. उघडलं. पिना सगळ्या एका पातळीत, थेट कंपनीतूनच. दादांनी उरलेला 'सदोष' माल केव्हाच परत धाडला होता, सोबत खरमरीत पत्र. ते नवं खोकं आता वरच्या खोलीत ठेवलंय, धूळ बसू नये म्हणून दार लावून. आणि कंपनीचं उत्तर दादांनी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं, "आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत." चार महिन्यांत या घरात आलेली ही पहिली माफी... तीही दादांच्या नावावर.