पाण्याला वाट

नाही, धूर वाईट, हे मला मान्य आहे! एकदम मान्य! तुम्हाला सांगते, माझ्याइतका धूर तुमच्यापैकी कुणी गिळला नसेल. गाडीच्या पोटाखाली ती लांबोडकी नळी असते ना, सायलेन्सर, ती करणाऱ्या कारखान्यात मी अडतीस वर्षं काढलीत. पण म्हणून धूर बंद करायचा तो असा? आज जाहीर, उद्या बंद? आणि परवा मी काय करू, घरी बसून सुनेच्या तोंडाकडे बघू? ते तिलाही झेपायचं नाही!

मी म्हटलं होतं. दहा वर्षांपूर्वी म्हटलं होतं! रस्त्यात एक गाडी मागून आली, आवाज नाही, वास नाही, मांजरासारखी आली आणि पदराला घासून गेली. मी तशीच कारखान्यात, धाकट्या मालकांपुढे उभी. म्हटलं, "मालक, आज एक गाडी बघितली, तिला शेपूट नव्हतं. आपलं काही खरं नाही." तर हसले. "अहो मावशी, श्रीमंतांचं खेळणं आहे ते!" खेळणं! आता रस्ताभर खेळणी पळताहेत आणि आम्ही फळीवर… पण आमचं ऐकतो कोण!

बरं, मरण एकदाच यावं, रडून मोकळं व्हावं, तर तेही नाही. एका महिन्यात मागणी अशी की दोन-दोन पाळ्या, घास घशाखाली उतरायला उसंत नाही, आणि पुढच्या महिन्यात सगळे हातात झाडू घेऊन स्वच्छ जमीन पुन्हा स्वच्छ करताहेत. पत्र्याचा भाव सकाळी एक, दुपारी दुसरा, संध्याकाळी पत्राच गायब. कुठल्या तरी देशाचं कुठल्या तरी देशाशी वाजलं, की इथं आमचा ओव्हरटाइम बंद! त्यांचं भांडण मिटलं, तरी बंदच! धाकटे मालक फोनकडे असे बघत बसतात, जसं दवाखान्यात आतलं माणूस सिरियस असलं की बाहेरचा दाराकडे बघतो. थोरले मालक, ह्यांचे वडील, एक वही आणि कानावर एक पेन्सिल, एवढ्यावर सगळा डोलारा उभा करून गेले.

धाकट्या मालकांनी सल्लागार आणला. गोरागोमटा, बुटाला धूळ नाही. आम्हा बासष्ट जणांना पत्र्याच्या गठ्ठ्यांवर बसवलं आणि भिंतीवर चित्रं दाखवली, हिरवी पानं, पवनचक्की, हसणारं बाळ. म्हणाला, "तुम्ही नळी बनवत नाही! तुम्ही क्षमता बनवता!" मी वळून बाहेरच्या ढिगाकडे बघितलं. नळ्याच होत्या हो.

पण काढता काढता एक कामाची गोष्ट त्यानं काढली. बॅटरीची पेटी. ह्या बिनशेपटाच्या गाड्यांना पोटाखाली पत्र्याची एक बंद पेटी लागते, तिच्यात बॅटरी बसते. जागा तीच बघा! आमच्या नळीला काढली आणि तिथं हिला आणून बसवली. सवत! आणि आता त्या सवतीचं बाळंतपण आम्हीच करायचं.

एका मोठ्या कंपनीनं नमुन्याच्या बारा पेट्या मागवल्या. मालकांनी सगळ्यांना गोळा केलं. "ह्या बारा पास झाल्या तर तीन वर्षांचं काम आहे. नाही झाल्या तर…" आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली, ती रिकामी होती, तरी लावूनच उभे. मग म्हणाले, "अट एकच. आत पाण्याचा थेंब जाता कामा नये. गेला तर गाडी पेटते." ऐका! पाण्यानं आग! काय काय बघायचं राहिलंय अजून!

आता माझं काम काय, ते सांगते. मी शेवटची. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय वस्तू दाराबाहेर पडत नाही. आले होते झाडू मारायला, कुणी काही शिकवलं नाही, बघून बघून शिकले. लाकडी हातोडीनं नळीला टक् करायचं आणि ऐकायचं, सांधा कच्चा असेल तर ती मला सांगते, खोकते अगदी! आणि मग शेवटचा हात ड्रिलचा. हे मात्र थोरल्या मालकांनी शिकवलं. धूर गार झाला की नळीत पाणी साचतं, नळी पोटातून गंजते, म्हणून सगळ्यात खालच्या कोपऱ्यात एक बारीक भोक पाडायचं. नकाशात ते कधीच नसायचं, आपलं आपण पाडायचं, आणि त्या भोकापायी आमची नळी इतरांच्या दुप्पट टिकायची! म्हणायचे, "पोरी, कुठलीही वस्तू कर, पाण्याला वाट ठेव." अडतीस वर्षं ठेवली. एक नळी चुकवली नाही.

तर पेट्या सुरू झाल्या, आणि तुम्हाला सांगते, तीन आठवडे मी कुणाला सुखानं जेवू दिलं नाही. आमचा वेल्डर, त्याला सगळे चष्मा म्हणतात, एक डोळ्यावर आणि एक कपाळावर, त्याच्या तर मानगुटीवरच बसले. "चष्म्या, सुई जाईल एवढी फट राहिली ना, तर बासष्ट घरांच्या चुली विझतील, लक्षात ठेव!" तो म्हणायचा, "मावशी, तुम्ही मागं उभ्या राहिलात की माझा हात कापतो." मी म्हटलं, कापू दे, पण टाका सरळ घाल! बाराच्या बारा मी ठोकून ऐकल्या, देवळातल्या घंटेसारख्या वाजल्या. शेवटचा हात फिरवला, पुसल्या, शिक्का मारला. पोरीची पाठवणी करावी तशा.

कंपनीची तपासनीस बाई आली. पांढरे हातमोजे, हसू घरी ठेवून आलेली. अंगणात पाण्याचा हौद भरला, आम्ही सगळे गोलाकार उभे. पहिली पेटी बुडवली.

बुड… बुड… बुड…

मी चष्म्यावर तुटून पडले! "मेल्या! मी म्हटलं होतं! सुईएवढी फट म्हटलं होतं!" त्यानं दोन्ही चष्मे काढले, वाकून बघितलं, आणि हळूच म्हणाला, "मावशी, सांध्यातून नाही येत. खालच्या कोपऱ्यातून येतंय."

दुसरी पेटी. तोच कोपरा. तिसरी. तोच. बाईनं पेटी उलटी केली, पेनाचं टोक घातलं, ते सुळकन आत गेलं. "हे काय आहे?"

आणि मी, अहो मी, छाती पुढं काढून, "पाण्याला वाट!"

बाईनं पेन बाहेर काढलं. "आत यायला?"

…

तुम्ही हसा. हसा, मला राग नाही. मी स्वतः हसले असते, पण तोंडच उघडेना. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. मग म्हटलं, "मालक, माझ्या हातचं आहे हे." तर धाकटे मालक खाली बघत म्हणाले, "ठाऊक आहे. मी बघितलं होतं, मावशी. सही करताना बघितलं. वाटलं, असतंच की." चष्मा म्हणाला, "मीपण बघितलं होतं." ज्यानं त्यानं बघितलं होतं! बासष्ट माणसं, एकशे चोवीस डोळे, चष्म्याचे जास्तीचे दोन धरा, आणि त्या भोकात एकालाही भोक दिसलं नाही! मी एकटी चुकले असते तर मला काढून कारखाना चालवता आला असता. सगळेच तसे, तर कुणाला काढणार?

चष्मा गयावया करत होता, "बाई, बारा टाके, अर्ध्या तासात बुजवतो." ती म्हणाली, "ठिगळ चालत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा." पुढच्या वर्षी! आमच्याकडे पुढचा आठवडा नाही!

संध्याकाळी पाऊस आला. अंगणात पिंप भरलं, बादली भरली, काच उघडी राहिलेल्या मालकांच्या गाडीत सीटवरसुद्धा तळं झालं. आणि त्या बारा पेट्या, झाकणं काढून पडलेल्या, बाराच्या बारा रिकाम्या! एक थेंब साचला नाही. मालक छत्री घेऊन माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "काम मात्र चोख आहे हो, मावशी."

मग त्यांनी फाटकावर कागद लावला, सोमवारपासून काम बंद, पुढची सूचना येईपर्यंत, आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, नवीन काय बनवता येईल ते ज्याला सुचेल त्यानं कळवावं.

तर तुम्ही एवढे शिकलेसवरलेले बसलात, म्हणून विचारते. पत्र्याचं, चौकोनी, मजबूत, खालच्या कोपऱ्यात भोक असलेलं… असं काही लागतं का हो जगाला? घाई नाही. सोमवारपासून आम्हाला वेळच वेळ आहे.