फुलांची माहिती सांगणारा आज नाही

नाही, ती दोघांची होडी नको, ताई. तिला हात लावू नका. रिकामी दिसते, पण अकरा वाजता तिचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे. तुम्ही ही घ्या, लाल, एकट्याची. हलकी आहे, झटकन वळते, आणि उलटलीच तर तुमच्या एकटीवर उलटते, दुसऱ्या कुणाशी भांडण नको. — नाही हो, उलटत नाही. उलटलीच तर, म्हटलं. गेल्या वसंतात एकच उलटली, आणि आतले गृहस्थ उभे राहून फोटो काढत होते, त्याला होडी काय करणार? पाणी गार आहे तेवढं. वरचा बर्फ वितळून येतं ना, महिन्याभरापूर्वी ते पाणी नव्हतंच मुळी. हात घालून बघा. — बघितलंत? म्हणून जॅकेट घालायचं. बुडू नये म्हणून घालतात असं लोकांना वाटतं. सापडावं म्हणून घालतात. रंग बघा ना त्याचा.

माहिती? कसली माहिती? — अच्छा, पाटी वाचून आलात. 'फुलांच्या माहितीसह फेरी.' बरोबर आहे, तसंच लिहिलंय. माहिती सांगणारा आज नाहीये. काल पण नव्हता. उद्याचं पण काही खरं नाही. — आजारी नाही हो, आजारी असता तर कुठंतरी असता. वारला. माझा थोरला भाऊ. सात आठवडे झाले. पाटी उतरवायची राहिलीय. खरं सांगू का, त्यानंच ठोकलीय ती, एवढाले खिळे घालून, ओढायला गेलो तर शेडची भिंत बरोबर येईल. — असू दे, असू दे, तुम्हाला काय माहीत. सगळे 'अरेरे' म्हणतात आणि लगेच पाण्याकडे बघतात. तुम्ही पण बघितलंत. पाण्यात नाही गेला तो. आख्खा तलाव पोहून पार करायचा, थकला की पलीकडे झोपायचा आणि पोहत परत यायचा, आणि गेला कुठं, तर कोरड्या पायरीवर. ती तिथली, वरून नववी. — नाही नाही, उठू नका, तुम्ही बसलात ती सातवी आहे. आणि नववीवर बसलात तरी काय, सगळेच बसतात, पायरीच आहे ती.

तो पट्टा खालून घ्या, असा. ओढा. श्वास घेता येतोय? मग अजून ओढा.

ते पिवळं? शेडच्या मागचं ना? ती मोठी आत्या. — हो, आत्या. बर्फ पुरता गेलेला नसतो तेव्हा सगळ्यांच्या आधी येऊन बसते, तोंड मोठं, आणि सगळ्यांच्या नंतर जाते. पुस्तकातलं नाव वेगळं आहे, लांबलचक आहे, दादाला पाठ होतं. मला नावं राहत नाहीत. नाती राहतात. म्हणून मी आपली नात्यांची नावं ठेवली. पलीकडच्या काठाला निळा दिसेल तुम्हाला, तो जावई. आठ दिवसांसाठी येतो, कपडे झकास, काम काही नाही, वारा आला की मान टाकतो. जांभळी पंचवीस-तीस एका जागी दाटीनं असतात ती चुलत भावंडं, एकाला ओढलं की सगळी उपटून येतात, म्हणून ओढायचं नाही. पांढरी, दिसायला फार देखणी, ती सासूबाई. वास घ्यायला वाकलात तर खाली काटे आहेत. — हसा, हसा, सगळे हसतात. पण तोडायचं नाही हं कुठलंच. ती इथलीच आहेत, कुणी आणून लावलेली नाहीत, आपणच त्यांच्यात आलोय. तोडून घरी न्यायला निघालं की निम्म्या वाटेत चिंधी होते त्यांची. हे दादाचं वाक्य आहे. चिंधी माझी.

पुस्तक आहे ना, शेडमध्ये आहे, पण मी वाचून दाखवायला लागलो तर एका फुलाला दुपार होईल. चौथीतून पळालो मी. पळालो म्हणजे खरंच पळालो, खिडकीतून. बाईंनी फळ्याकडे तोंड केलं आणि मी गेलो. दादा शोधत शोधत इथं आला, तर मी पाण्यात पाय सोडून बसलेलो. मारलं नाही त्यानं. शेजारी बसला आणि म्हणाला, दप्तर तरी आणायचं होतंस. — असा होता. त्याचं हे असं असायचं, राग आला तरी राग धरायला जागाच नाही ठेवायचा. एकदाच ठेवली.

होडी नाही उचलली तुम्ही कधी? सोपं आहे. दोन टोकं, दोन माणसं. ही लाल मी एकटा काखेत मारतो, पण ती दोघांची, ती भारी आहे, दादाचा नियमच होता, ती एकट्यानं उचलायची नाही. त्या दिवशी पण आम्ही दोघंच नेत होतो, तो पुढं, मी मागं. हंगामाचा दुसरा दिवस. एक प्राध्यापक आले होते, टोपीवाले, गुडघ्यापर्यंत मोजे. त्यांनी त्या पिवळ्याकडे बोट केलं आणि विचारलं — मला विचारलं हां, दादाला नाही — हे काय फूल? मी म्हटलं, मोठी आत्या. त्यांनी वही काढली आणि लिहायला लागले. माझं ऐकून कुणी वहीत लिहितंय असं आजवर झालं नव्हतं. आणि दादा पुढून म्हणतो, अहो, लिहू नका ते, चौथीतून पळालेला आहे तो, तोंडाला येईल ते सांगतो. आणि हसला. प्राध्यापक पण हसले, खोडलं त्यांनी. आता हसण्याचं मला काही नाही, दिवसभर हसतात लोक. पण दादा माझ्याकडे बघून नाही ना हसला. त्यांच्याकडे बघून हसला. — काय म्हणता? — राग? नाही, राग नाही, मी फक्त माझ्याकडचं टोक सोडलं. खाली ठेवलं नाही. सोडलं. आणि वर आलो.

वल्हं बघा, हे असं धरायचं, दोन्ही हात खांद्याएवढ्या अंतरावर — हां — आणि पाणी ढकलायचं, बडवायचं नाही.

शेडमध्ये जॅकेटं टांगलेली होती. सरळच होती. मी ती परत सरळ करत बसलो. खालून आवाज आला, होडी पायऱ्यांवर घासत गेल्याचा, मग आपटल्याचा. मी म्हटलं, आपट. अजून आपट. मला ऐकू यावं म्हणून आपटतोय, मी काही येत नाही, ये म्हणावं वर आणि बोल मला. पाच जॅकेटं सरळ केली मी. सहावं हातात होतं तेव्हा प्राध्यापक ओरडले. ते पुढं धक्क्यावर जाऊन उभे होते, त्यांना पण उशिरा कळलं.

डॉक्टर चांगले होते. म्हणाले, हृदयच तसं होतं त्याचं, आज ना उद्या, झोपेत पण झालं असतं. मी विचारलं, दोघांनी उचलली असती तर? ते म्हणाले, काय उचलली असती? मी म्हटलं, काही नाही.

हे मी तुम्हाला कशाला सांगतोय? तुम्ही विचारलंत काय, फुलाचं नाव. — घरी? घरी असं माहीत आहे की दादानं मला वल्हं आणायला वर पाठवलं होतं. मी नाही सांगितलं तसं, आईनंच सांगितलं मला. वल्हं आणायला गेला असशील तू, म्हणाली. मी मान हलवली. पण वहिनीनं विचारलं. वहिनी म्हणजे दादाची बायको. सगळे गेल्यावर तिनं विचारलं, शेवटचं काय म्हणाला रे? आता काय सांगू? चौथीतून पळालेला आहे तो, हे सांगू? तर माझ्या तोंडातून निघालं, दादा म्हणाला, यंदा फुलं लवकर आली.

बस. एवढंच. मला वाटलं रडेल आणि विसरेल. विसरली नाही. तिच्या आईला सांगितलं, शेजारी सांगितलं, आता मला जो भेटतो तो म्हणतो, काय माणूस होता, जाताना पण फुलांचं काढलं. आणि परवा ती म्हणाली, मला पलीकडे ने. बारा वर्षं झाली लग्नाला, ही बाई कधी होडीत बसली नाही, पाण्याची भीती तिला, दादा चिडवून चिडवून दमला. आता म्हणते, त्याचं शेवटचं बोलणं त्या फुलांचं, तर मला बघायला नको का? तर ते अकराचं गिऱ्हाईक म्हणजे ती. ती पुढं बसणार, मी मागं. तासभर तिची पाठ बघत वल्हवायचं आणि पलीकडे जाऊन तिला ती फुलं दाखवायची. आणि ती त्यांच्यापुढं उभी राहणार, ताई. हात जोडेल सुद्धा. जावयाला.

नाही सांगितलं तर काय बिघडतं, असंच ना? — तेच मी म्हणतो. सात आठवडे चाललंय ना सुरळीत. जेवते आता ती. मी सांगितलं तर तिच्याकडचं ते एक वाक्य पण जाणार, आणि वरून तिला दीर पण राहणार नाही. दोन्ही मीच नेणार. — हो, पण तुम्ही परक्या आहात. तुम्हाला सांगणं काय, पाण्याला सांगण्यासारखं.

थांबा. अकरा कुठं वाजलेत? एवढ्यात कशी आली ही? — वळून बघू नका. — वहिनी, सावकाश! पायरी ओली आहे, ती नाही, तिच्या खालची! — ताई, बसा तुम्ही लालमध्ये, पाय पुढं, मी ढकलतो. डावा काठ धरून जा, जावई त्याच बाजूला आहे. — काय गं? नाही, गिऱ्हाईक आहे, निघालंय. — हो, होडी तयार आहे. — अगं नको, तू नको उचलू. वहिनी, ठेव ते टोक. ठेव आधी. — नाही, भीती कसली. जायचंय, तू म्हणशील तर जाऊ, पण आत्ता नाही, आधी इथं बस. बस ना. — वहिनी, दादा फुलांचं काही म्हणाला नव्हता.

ताई, जा ना तुम्ही.