लाइनीवरच्या हाका

धप्प — असा आवाज यायचा, परीक्षितराव. चिखलात भिजून जड झालेला चामड्याचा बॉल कपाळावर बसला की. कोल्हापुरात आमच्या पेठेच्या फुटबॉल टीममध्ये माझा थोरला भाऊ श्रीरंग मागं खेळायचा, गोलाच्या तोंडाशी — वरून आलेला बॉल कधी सोडला नाही गड्यानं, आणि आम्ही लाइनीवर ओरडून ओरडून घसा बसवायचो... आता तुम्ही म्हणता, काका, लाइनीवरून ओरडायचं नाही, क्लबचा नियम आहे. बरोबर आहे, तुम्ही कमिटीवर, तुम्हाला सांगावंच लागणार. पण बसा ना जरा. पोरींची प्रॅक्टिस संपायची आहे अजून. मी का ओरडतो ते सांगतो.

हा आपला कोच, कीथ — हाही तसलाच, मागं उभा राहून डोक्यानं बॉल परतवणारा. इंग्लंडात मोठ्या टीमनं कधी घेतलं नाही त्याला. खालच्या खालच्या लीगा — आज या गावात, पुढच्या हंगामात दुसऱ्या. कुणाचा गडी जायबंदी झाला की याला बोलवायचं, तो बरा झाला की याची बोळवण. संसार कुठं टिकतोय असल्यात? बायको एका गावात राहिली ती राहिलीच. मग गुडघा गेला, मग असिस्टंट कोच, तिथूनही काढलं, आणि हिंडत हिंडत इथं अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, आपल्या पोरींना शिकवायला. साठीही नाही हो अजून. आमची नात, इला, सांगते मला हे, तो बोलतो ते मराठीत करून. मला कुठलं इंग्रजी — शाळा सोडून फाउंड्रीत गेलो मी. पण माणूस चांगला आहे. पोरी हरल्या तरी आवाज चढवत नाही. आणि डोक्यानं बॉल मारू देत नाही एकीलाही, बघितलंत?

सगळ्यांना 'लव्ह' म्हणतो, आपण 'बाळ' म्हणतो तसं — गोड वाटतं ना? मलाही वाटायचं. मग एक दिवस इला समोर उभी, आणि हा तिच्याकडं बघतोय... बघतोयच. ते बघणं मला ठाऊक आहे. आमचा श्रीरंग शेवटी शेवटी वहिनीकडं असाच बघायचा, परक्या गावात उतरलेल्या माणसासारखा. तेव्हापासून मी ओरडतो. पोरीच्या पायात बॉल आला की मी 'शाब्बास, निधी!' — की लगेच तोही, 'वेल डन, निधी!' एवढंच. लोक हसतात, म्हातारा इंडियात असल्यासारखा ओरडतो म्हणतात. हसू देत. मी गप्प बसलो तर त्याला पोरींची नावं कोण देणार?

काय? — छे छे, आजारी नाही. खेळातलं सगळं बरोबर कळतं त्याला. रस्त्याचंच काय ते — म्हणजे क्वचित. त्या दिवशी तुमची मिटिंग लांबली ना, त्यानं तुमच्या नैनाला सोडलं घरी — मी होतो की गाडीत, पुढं. सिग्नलला वळला आणि डाव्या बाजूनंच चालवायला लागला, त्यांच्या देशातल्यासारखा. आपल्याकडंही तसंच, त्यामुळं मलाही आधी काही चुकल्यासारखं वाटलं नाही — समोर ट्रक आला तेव्हा मी स्टिअरिंग ओढलं. अहो, काही झालं नाही! नैना रडली जरा. मीच म्हटलं तिला, बाबांना सांगू नको बाळ, कीथकाकाची नोकरी जाईल. नोकरी गेली की व्हिसा गेला, तुम्हाला मी काय सांगायचं — आणि तिकडं त्याचं आहे कोण? म्हणून म्हणतो, तुम्हीच सांभाळून घ्या. मी रोज येईन. गाडीत बसेन त्याच्याबरोबर. ओरडायचंही हळू —

परीक्षितराव? अहो, गाडी इकडं लावलीय तुम्ही. तिकडं... तिकडं तो पोरींना पाणी देतोय हो.

परीक्षितराव —