भाऊरावची सकाळची गोळी

उर्वशी : मले फक्त एवढं सांगा वत्सलामावशी, आज सकाळी भाऊरावकाकाले गोळी दिली असं तुमच्या फोनवरून आलं. ते बटन तुम्हीच दाबलं?

वत्सला : मीच दाबलं. माझ्या फोनले दुसरं कोण हात लावते?

उर्वशी : काका तर पोळ्याच्या आधीच गेले ना.

वत्सला : मले सांगून राहिली काय? मातीले तू बी आली होतीस.

उर्वशी : मंग?

वत्सला : मंग काय. मी आशाताई ना, गावातल्या बीपीवाल्याईची यादी माझ्याकडं; कोणी गोळी घेतली ते फोन रोज विचारते. एक दिवस सकाळी दूध घेऊन जाताना फोन वाजला, पाहते तर आमच्या याईचं नाव. 'भाऊराव, गोळी घेतली का?' मले वाटलं भूतच हाय माय. ते गेले असं मीच तर टाकलं होतं, याच बोटानं.

उर्वशी : भूतबीत काही नाही मावशी. आपल्या दवाखान्याचे दोन सर्व्हर आहेत. मोठा सौंसरले, अन् पांढुर्ण्याचा त्याची नक्कल उतरवत राहते. सौंसरचा बंद पडला की सगळ्याईचे फोन आपोआप पांढुर्ण्याले लागतात. तसंच झालं. पण नक्कल मागं राहिली होती. काका गेल्याचं तुम्ही टाकलं, ते तिथं पोचलंच नव्हतं.

वत्सला : मतलब पांढुर्ण्यात ते जित्तेच होते.

उर्वशी : सर्व्हरच्या हिशोबानं, हो. तुम्ही मले फोन कराचा होता.

वत्सला : करणारच होती. पहिल्या दिवशी वाटलं, 'नाही' दाबू. पण 'नाही' दाबलं की ते विचारते, काऊन नाही घेतली? त्याले काय सांगू? 'हो' दाबून टाकलं. अन् खरं सांगू, लई बरं वाटलं. मंग रोज सकाळी वाट पाहाले लागली. चहा बी दोन कप ठेवते.

उर्वशी : मावशी...

वत्सला : जित्तेपणी गोळी म्हटली की तोंड फिरवत. आता एक दिवस चुकवत नाहीत.

उर्वशी : ऐका. सौंसरचा आज सुरू झाला. आता दोघांचं जुळवून राहिलो. सौंसर म्हणते काका गेले. पांढुर्णा म्हणते आज सकाळी गोळी खाल्ली.

वत्सला : अन् खरं कोणाचं धरता?

उर्वशी : जे शेवटी लिहिलं त्याचं.

वत्सला : पांढुर्ण्याच्या गोटमारीसारखंच हाय. दगडं कोणी किती बी मारो, शेवटी झेंडा ज्याच्या हाती. मंग मीच जिंकली.

उर्वशी : तुम्ही जिंकल्या, पण शांताबाई हरली. गावाले गोळ्या मोजक्याच येतात, म्हणून काकाच्या जागी तिचं नाव घेतलं होतं. काका आहेत म्हणून ते यादीत बसूनच नाही राहिलं. दवाखान्यातून खाली हात परत जाते बिचारी. काल संत्र्याच्या बगीच्यात चक्कर येऊन पडली.

वत्सला : शांताबाई? मले तर काही बोलली नाही.

उर्वशी : तुम्हाले काय म्हणून बोलल ती?

वत्सला : तूच काढून टाक ना. सगळी मशीन तुझ्याच हातात हाय.

उर्वशी : यादी ज्याची, त्याच्याच फोनवरून टाका लागते. माझ्यानं होत असतं तर मी इथवर आलीच नसती.

वत्सला : एकदा टाकलं होतं मी. बाईनं किती डाव टाकावं?



उर्वशी : मी बसते इथं. तुम्ही दाबा.

वत्सला : 'खात्री आहे का?' तवा बी हेच विचारलं होतं यानं. घे, दाबलं. गेले?

उर्वशी : थांबा. नुसतं गोल फिरून राहिलं. इथं रेंज नाही काय?

वत्सला : घरात कुठची रेंज? सकाळी दूध घेऊन जाते, तवा बोरगावच्या मोडावर, रस्ता वळते तिथं, लागते.

उर्वशी : मंग अजून तुमच्या फोनातच आहे ते. मोडावर गेलं की जाईल सौंसरले.

वत्सला : अन् तवरक?

उर्वशी : तवरक... आहेत. चला, गाडीवर नेते तुम्हाले. आत्ता पोचू.

वत्सला : नाई माय. तू हो पुढं. आम्ही येतो पायी.