कूलरची तिसरी जागा

काय सांगू तुम्हाले ताई, मी मूळचा नागभीडचा, आमचे अब्बा धानाच्या गिरणीतले इंजन नीट करत, घरात अत्तरापेक्षा डिझेलचा वास जास्ती, आन् मी दहावी नापास झालो तसा जो गाडीखाली शिरलो तो अजून तिथीच आहो. लगन गडचिरोलीकडं झालं, सासऱ्यानं रस्त्यालगत जागा देल्ली, तिथी ग्यारेज टाकलं. जंगलातल्या गाड्या माह्याकडंच येते.

त्यातली एक जीप आतल्या एका गावाची हाये. कोण्या एकाची नाई, पुऱ्या गावाची. बांबूचा हक्क त्या लोकाईनं भांडून मिळवला, त्याच बांबूच्या पैशातून ग्रामसभेनं जीप घेतली, पेशंट नेण्यासाठी. सरकारी गाडी तिथी पोचत नाई. रस्ता हाये ना, कागदावर हाये, कागदावर लय गुळगुळीत हाये. जीप चालवते सोमा, गोंडाचा पोरगा, मले चाचा म्हणते.

त्या जीपचा ऑइल कूलर बंपरच्या खाली होता. कूलर म्हणजे लहानसा रेडिएटरच समजा, इंजनातलं गरम ऑइल त्यात फिरते, हवा लागते, थंडं होऊन वापस जाते. डांबरी रस्त्यावर ठीक, पण जंगलात झाडाचे खुंट. एका खुंटानं कूलर फोडला, सारं ऑइल मातीत. मी नवीन कूलर वर घेतला, समोरच्या जाळीच्या मागं, लांब पाइप टाकले, खाली रबर देल्लं. म्हटलं आता पाहायची गरज नाई.

महिना नाई झाला तं सोमा हजर. चाचा, ऑइलचा लाल लाइट लागते. मी पाह्यलं, ऑइल बरोबर, पाइप कुठी दबला नाई, पाण्याच्या गरमीचा काटाही ठीक. कूलर धुतला, मागून हवा मारली, कारण पुढून मारली तं कचरा अजून आत बसते. घंटाभर इंजन चालू ठेवलं, काहीच नाई. जा म्हटलं. पुन्हा आला, पुन्हा तेच. आन् तिसऱ्यांदा त्याच्या भावजयीले बाळंतपणाले नेऊन राह्यला होता तं जीप जंगलातच थांबली. लोकाईनं तिले खाटेवर उचलून पुढच्या गावी नेलं. बाई वाचली, लेकरू वाचलं. पण मले दोन दिवस जेवण गेलं नाई.

गावात सभा झाली. सोमानं तोंडावर सांगतलं, चाचा, लोक म्हणते चाचाच्या हातची गाडी दवाखान्यापरेंत जात नाई, मेकॅनिक बदला. मी म्हटलं बदला, पण एकदा मले गावातून संग बसू द्या.

गेलो. एका म्हाताऱ्याले न्यायचं होतं. गाडी निघाच्या आधी सोमाची माय आली, मोहाच्या पानाचं जाडजूड तोरण तिनं समोरच्या जाळीवर बांधलं, त्याईच्या पेनाले, म्हणजे देवाले, काहीतरी म्हटलं. मी पाहातच राह्यलो. रेडिएटरले खालून हवा होती, पण कूलर बरोबर त्या तोरणाच्या मागं, त्याले हवाच नाई, ऑइल तापून पातळ होते, म्हणून तो लाल लाइट. म्हटलं सोमा, हे दर वेळेस बांधता? हो म्हणे, पेशंट निघाला का बांधतो. मंग मले काऊन कधी दिसलं नाई? त्यानं मान खाली घातली. चाचा, ग्यारेजच्या आधी नाल्यावर काढून ठेवतो. तुम्ही मुसलमान, आमच्या देवाच्या पानाले हात लावाची पाळी तुमच्यावर काऊन आणावं?

मी म्हटलं अरे, तुह्या घरी जेवतो ते चालते, आन् पानानं मी बाटीन काय? माय म्हणे, मी याले हजारदा म्हटलं, चाचाले विचार, चाचाले विचार.

सोमा म्हणे मंग तोरण बंद करू. मी म्हटलं नाई. रस्ता तुम्हाले कोणी देल्ला नाई, डॉक्टर कोणी देल्ला नाई, बाई घरून निघते तं या पानाच्या धीरावर निघते, तो धीर मी सोडवू काय? मशीन सरकंन, माणसानं काऊन सरकावं? त्या दिवशी थांबत थांबत म्हाताऱ्याले पोचवलं, मंग ग्यारेजात कूलर डाव्या बाजूले नेला, बंपरच्या मागं, उंच, पुढं लोखंडी जाळी, हवेसाठी पत्र्याचं तोंड.

आता दर पंधरा दिवसानं जीप येते, तोरणासकट. मी माह्या हातानं ते काढतो, खिळ्याले टांगतो, कूलरमधलं कुसळ ब्रशनं काढतो, पाइपाचे जोड पाहातो, मंग तोरण पुन्हा बांधतो. गाठ मले जमत नाई. सोमा हासते, चाचा, हे काही नट-बोल्ट नोहे. बांधता बांधता माह्या तोंडून बिस्मिल्ला निघते, सवय हाये. त्याईच्या पेनाले चालत असंन. गाडी तं अजून थांबली नाई.