साहेबांचं उरलेलं भाषण

बीडच्या बसस्थानकावर पौर्णिमाने वेळ जावा म्हणून पुस्तक उघडलं. तेवढ्यात शेजारच्या बाकावर उमापूरच्या गाडीसाठी दोघी येऊन बसल्या, एक म्हातारी आणि एक तरुण. त्यानंतर पान काही उलटलं नाही.

"विजयमाला, सभेला येताना जीपमधी माझ्या शेजारी होतीस. मग मंडपात काहून दिसली न्हाईस?"

"हळू बोला, मुक्तामावशी. मी मधीच उतरले. बारावीचा पेपर होता."

"आगं, अर्जुनरावांनी परीक्षेला न्हाई म्हणलं होतं ना?"

"मागल्या भाषणात साहेब म्हणले, बायांनी उंबरा ओलांडू नये. आमच्या ह्यांनी तेच धरून ठेवलं. पण सभेला पाचशे बाया पाह्यजेत असा साहेबांचा निरोप आला, तवा म्हणले, पटकन जा."

"म्हंजी साहेबांच्याच जीपनं परीक्षेला गेलीस."

"आता घरी विचारतील, साहेब काय बोलले. काय बोलले?"

"तेच. बायांनी घर सोडू नये. पाचशे बाया घर सोडून ऐकत होत्या."

"टाळ्या पडल्या?"

"मीच सुरू केल्या. वाटलं, आता तरी थांबतील. तर त्यांना आणखी जोर चढला."

"आन् परतीची जीप?"

"सभा झाल्यावर बायांचं काय काम? पेपर कसा गेला?"

"बरा गेला. पण उद्या दुसरा हाय, आन् उद्या सभा न्हाई. घरातून निघू कशी?"

"मी सांगते अर्जुनरावांना, साहेबांचं भाषण आज संपलंच न्हाई, उरलेलं उद्या हाय. दुसऱ्या कुणाचं आसतं, तर त्यांना खोटं वाटलं आसतं."