बारा थर, सैल टाके

"नखं खाऊ नकोस, सोलेन. सुई धरायची बोटं आहेत ती." पॅरिसमध्ये, पोशाखांच्या प्रदर्शनाच्या रांगेत ऐकलेला तो आवाज कितीतरी वर्षांनी अजून माझ्या कानात आहे. पुढे बॅलेच्या नाटकगृहातली जुनी शिवणकारीण आणि तिची लेक उभ्या होत्या.

"आई, आत मांडलेला माझा झगा आवडला नाही, तर इथे बोलू नकोस. घरी बोल."

"ट्यूट्यूवरून केलास ना? मग बोलणारच. चाळीस वर्षं नर्तकींचे ट्यूट्यूच शिवले मी."

"तुमचा नाचायचा. माझा रस्त्यात मिरवायचा."

"आमचाही आधी घोट्यापर्यंत लोळायचा, बाई. पाय दिसावेत म्हणून आखूड होत गेला, तेव्हा कुठे कमरेशी असा आडवा फुलला."

"आणि आम्ही त्याला खिसे लावले!"

"लावा की. पण जाळीचे बाराही थर सैल टाक्यांनी धरलेस, ते बरं केलंस. घट्ट आवळले की जाळी फुलत नाही."

"थांब. टाके सैल आहेत, हे तुला कसं ठाऊक? तू तर आज पहिल्यांदा येतेयस."

रांग पुढे सरकली. म्हातारी जागची हलली नाही.

"मंगळवारी येऊन गेले, एकटीच. वाकून आतले टाके बघत होते, तर पहारेकरी खेकसला. म्हटलं, खेकस बाबा, पण हा माझ्या लेकीनं शिवलाय."